‘किते’ नव्हे, ‘कित्ते’: शंभर येनच्या जपानी वर्गाबद्दल

लेकीच्या बाळंतपणासाठी तोक्योला जायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने एकच सांगितलं, "निशी-कासाईत ना? मग जपानीची गरजच नाही." एका परीने खरं आहे. एडोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे आपल्या लोकांची वस्तीच. 2000 सालाच्या आसपास संगणकवाली मुलं आली, तोझाई लाइनने ओतेमाचीच्या ऑफिसात थेट जाता येतं म्हणून इथेच राहिली, आणि त्यांच्यामागोमाग तूरडाळ, डोसा, गणपती सगळं आलं. योगेंद्र पुराणिकांसारखा मराठी माणूस 2019 साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आला. त्यामुळे मीही निर्धास्त होते.

पण डाळ मिळाली म्हणून भागत नाही. दूध, ब्रेड, डायपर आणायला खालच्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जावं लागतं. त्याला तिथे ‘कोन्बिनी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी दार सरकताच ऐकलं, ‘इराश्शाइमासे!’ माणूस स्वागत करतोय म्हटल्यावर मी हात जोडून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशीही केला. तिसऱ्या दिवशी लेक बरोबर होती, ती म्हणाली, "आई, त्याला उत्तर द्यायचं नसतं गं." मग काउंटरवर त्या मुलाने एका दमात तीन प्रश्न विचारले. मी तिन्हींना ‘हाइ’ म्हणाले. हाइ म्हणजे हो. परिणामी माझं थंड ताक म्हणून उचललेलं दही पिशवीत गेलं, पिशवीचे पैसे लागले, आणि बरोबर दोन चॉपस्टिक आल्या. पिशव्यांना तिथे जुलै 2020 पासून पैसे पडतात, हे नंतर कळलं.

मी साताऱ्याला पोस्टाच्या काउंटरवर 32 वर्षं काढली. काउंटरच्या अलीकडे उभं राहून माणूस असा बावळट दिसतो, हे मला निवृत्तीनंतर कळावं!

तर त्या वर्गाबद्दल लिहिते, कारण आई-वडील म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर जाणाऱ्या पुष्कळ जणींनी मला विचारलंय. जपानात गावोगावी, वॉर्डावॉर्डात स्वयंसेवक चालवतात असे वर्ग असतात. आमचा घरापासून बारा मिनिटांवर, वॉर्डाच्या सभागृहात, पहिल्या मजल्यावर. शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा. फी दर खेपेला 100 येन, म्हणजे साठेक रुपये. आलं नाही तर द्यायची नाही. नाव नोंदवायला पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा मागितली नाही. एका कागदावर नाव, देश आणि ‘कशासाठी शिकायचं’ एवढंच. मी लिहिलं: दुकान, दवाखाना, पोस्ट. शिकवणारे बहुतेक माझ्याच वयाचे, निवृत्त. चार विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. माझ्या टेबलावर एक नेपाळी पोरगा, एक व्हिएतनामी मुलगी, दिल्लीची एक नवी सून आणि मी. आमचे ‘हे’ सुरुवातीला बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसायचे. जपानी पेपर. नुसती चित्रं बघत.

पहिल्या दिवशी ओळख. ‘हाजिमेमाश्ते’ (पहिल्यांदाच भेटतोय), मग नाव, मग ‘देस’ (आहे), मग ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’. मी म्हटलं, "जोशी देस." आमच्या टेबलावर शिकवणाऱ्या आजी ओठ दाबून हसल्या. मला वाटलं काही चुकलं. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: ‘ओ’ आखूड म्हटला तर जोशी म्हणजे मुलगी, स्वच्छतागृहाच्या दारावर असतं ते. ‘ओ’ लांबवला तर ऑफिसातला वरचा साहेब. आणि व्याकरणात शब्दाच्या शेपटीला लागणारे जे ‘वा’, ‘नि’, ‘दे’ असतात त्यांनाही जोशीच म्हणतात. आपण ‘ओ’ लांबच म्हणतो, तेव्हा मी साहेब झाले. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "त्यात नवीन काय?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही मात्र. ह्रस्व-दीर्घ हा त्या भाषेचा जीव आहे. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीऽरु’ म्हणजे बिअर. शाळेत पहिली वेलांटी-दुसरी वेलांटीवरून आपण मार खाल्लेला असतो, त्याचा इथे पहिल्यांदा उपयोग झाला.

आता ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’. दिल्लीच्या सुनेने अर्थ विचारला. आजींनी दोन्ही हात हलवले, याचं भाषांतर होत नाही म्हणाल्या. नव्या माणसाला भेटलं की म्हणायचं, काम सोपवलं की म्हणायचं, पत्र संपवतानाही लिहायचं. ‘ओनेगाइ’ म्हणजे विनंती, एवढं मात्र सांगितलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. लोभ असावा, ही विनंती! पंधरा पैशांच्या कार्डापासून बघत आले मी ते वाक्य. (पोस्टातली माणसं दुसऱ्यांची कार्डं वाचत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे.) त्या दिवसापासून ते मला पाठ करावं लागलं नाही.

या वर्गाची खरी गंमत मराठी माणसाला जास्त कळेल असं माझं मत झालंय. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’. ‘इकिमास का?’ जाणार का? ‘ओइशी देस का?’ चविष्ट आहे का? नेपाळी पोरगा आणि दिल्लीची सून सुरुवातीला ‘क्या’ शोधत बसायचे, मी मात्र घरच्यासारखी. दुजोरा हवा असेल तर शेवटी ‘ने’, म्हणजे आपलं ‘ना’. ‘आत्सुइ देस ने!’ उकडतंय ना! आणि नकाराला ‘नाइ’. वर्गात सभ्यपणे ‘वाकारिमासेन’ शिकवतात, पण बाहेर पोरं ‘वाकारानाइ’ म्हणतात. कळत नाय. कऱ्हाडच्या पलीकडचं वाटावं इतकं जवळचं.

वाक्याची बांधणीसुद्धा तीच. ‘वाताशी वा सातारा कारा किमाश्ता.’ वाताशी म्हणजे मी, ‘कारा’ म्हणजे ‘हून’, किमाश्ता म्हणजे आले. मी साताऱ्याहून आले. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. ‘कारा’ आणि ‘मादे’ ही जोडी तर पहिल्याच आठवड्यात पाठ करा: निशी-कासाई कारा, ओतेमाची मादे. पासून आणि पर्यंत. रेल्वेत, वेळापत्रकात, दुकानाच्या पाटीवर सगळीकडे हीच. माणसं मोजायची तर पहिल्या दोघांना वेगळेच शब्द आहेत, ‘हितोरी’, ‘फुतारी’. आपण दोन माणसं म्हणत नाही, दोघं म्हणतो, तसं.

उच्चारात आपल्याला एक जन्मजात सूट आहे. ‘त्सु’ हे अक्षर म्हणताना बाकी टेबलाची जीभ अडखळायची. कोणी ‘सु’ म्हणे, कोणी ‘चु’. आपल्या चुलीतला, चुन्यातला, चुकीतला ‘च’ म्हणा, झालं. ‘कुत्सु’ म्हणजे बूट, ‘फुतात्सु’ म्हणजे दोन नग. तसंच पाण्याला ‘मिझु’, त्यातला ‘झु’ आपल्या ‘जुन्या’तला ‘जु’. आजींनी मला तीनदा म्हणायला लावलं आणि टेबलाला सांगितलं, जोशी-सानसारखं म्हणा. शाळेत असताना सुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं.

अक्षरं शिकवतात, पण सक्ती नाही. हिरागानाची मूळ अक्षरं 46. तक्ता भिंतीवर लावला तेव्हा मी वाचायच्या आधीच म्हणायला लागले: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपली बाराखडीच की! च-वर्गाच्या जागी ‘स’, प-वर्गाच्या जागी ‘ह’, कारण तो ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडे गेला, त्याची ही खूण, असं आजींनीच सांगितलं. मी मनात म्हटलं, बघा, आमचा माल परत आमच्याच हाती.

आता ज्या कारणासाठी मी या वर्गाला चार तारे देईन, पाच नाही, ते.

तुम्हाला काय म्हणायचं ते इथे छान शिकवतात. समोरून काय येणार ते शिकवत नाहीत. कागदावर होतं ‘फुकुरो वा इरिमास का?’ पिशवी लागेल का? दुकानातला मुलगा म्हणतो ‘फुकुरो वा गो-रियोऽ देस का?’ पिशवी एकच, पण शब्द दरबारी. कागदावर ‘नान्-निन् देस का?’ किती जण? हॉटेलच्या दारातली मुलगी म्हणते ‘नान्-मेइ-सामा देस का?’ मी ‘फुतारी देस’ घोकून गेले होते, उत्तर तयार होतं, प्रश्नच ओळखू आला नाही. ‘जेवलात का’ शिकून एखाद्याच्या घरी जावं आणि यजमानांनी ‘आपलं भोजन झालं का’ विचारावं, तशी गत. जपानी दुकानदार गिऱ्हाइकाशी साधं बोलतच नाहीत, आणि नवशिक्याला पहिल्या दिवसापासून भेटतात ते दुकानदारच. मग शिकवण्याचा क्रम उलटा नको का?

तिसऱ्या शनिवारी मी हे आजींना बोलून दाखवलं, लेकीकडून चिठ्ठी लिहून घेऊन. पोस्टात तक्रारवही असायची, ती आठवली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पुढच्या शनिवारी त्यांनी टेबलावर ट्रे ठेवला, डोक्याला रुमाल बांधला आणि कोन्बिनीतल्या पोराच्या वेगाने सुरू केलं: पॉइंट कार्ड आहे का, गरम करू का, पिशवी लागेल का, चॉपस्टिक देऊ का. चार प्रश्न, ठरलेला क्रम. ‘आतातामेमास का?’ ऐकलं की डब्याकडे बघायचं. ‘फुकुरो’ ऐकलं की पिशवीचं. बाकीचं वाक्य ऐकायचंच नाही, एक शब्द धरायचा. आणि नको असेल तर ‘इइए’ म्हणायचं नाही, ते दार आपटल्यासारखं वाटतं. ‘दाइजोऽबु देस’ म्हणायचं. शब्दशः ‘ठीक आहे’, पण अर्थ ‘नको, राहू दे’. आपल्याकडेही पाहुणा ‘असू दे असू दे’ म्हणतो तेव्हा नकोच म्हणत असतो.

पैसे हातात द्यायचे नाहीत, ट्रेमध्ये ठेवायचे. मग तो म्हणतो ‘सेन-एन ओ-आझुकारी शिमास’. हजार येन घेतले असं नाही, हजार येन सांभाळायला ठेवून घेतोय असं. बचत खात्याच्या खिडकीवर 32 वर्षं बसलेल्या बाईला ते वाक्य किती आवडावं! मी नंतर उगाच मोठी नोट देऊन ते ऐकायची.

दुसरी तक्रार कागदांची. सुरुवातीच्या पानांवर ‘आनाता’ म्हणजे तुम्ही, ‘आनाता’ म्हणजे तुम्ही, असं भरलेलं. प्रत्यक्षात तिथे कोणी कोणाला आनाता म्हणताना मी ऐकलं नाही. नाव घेतात आणि पुढे ‘सान’ लावतात: जोशी-सान कॉफी घेणार का? स्वतःच्या नावापुढे मात्र सान लावायचं नाही, आपण स्वतःला ‘मी जोशीसाहेब’ म्हणत नाही तसं. आजींनी आमच्याकडून आनाता पेन्सिलने खोडून घेतलं, पण मग छापायचंच कशाला? तिसरी तक्रार, माणसं बदलतात. आमच्या आजी नसतील तेव्हा दुसरे कोणी येऊन ‘हाजिमेमाश्ते’पासून सुरू करायचे. मी स्वतःची ओळख तीनदा करून दिली. आणि ओबोनच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, सगळं बंद. आपल्या पितृपक्षासारखं असतं, पूर्वज घरी येतात, लोक गावी जातात. त्याला इलाज नाही.

पण एका कागदाने सगळं वसूल झालं. जूनमध्ये पाऊस लागला. आजींनी पावसाचे शब्द घेतले. ‘शितोशितो’ म्हणजे रिमझिम, ‘झाऽझाऽ’ म्हणजे धो धो. वीज ‘गोरोगोरो’, आपली गडगड. त्याच कागदाच्या मागे दुखण्याचे शब्द. डोकं ‘गानगान’, म्हणजे घण पडताहेत. ‘झुकिझुकि’, ठसठस. ‘चिकुचिकु’, टोचतंय. ‘मुकामुका’, मळमळ. ‘फुराफुरा’, तोल जातोय. जपानी माणसं डॉक्टरांना असंच सांगतात, आणि डॉक्टरही असंच विचारतात. टेबलावर बाकी कोणाला पटेना की हे खरे शब्द आहेत, बाळाशी खेळताना काढलेले आवाज नाहीत. मला पटलं. ज्या भाषेत ठणठण, सळसळ, चुरचुर, हुळहुळ यांचे अर्थ वेगवेगळे असतात, तिच्या पोरीला हे काय सांगायचं?

जुलैत एका दुपारी यांचं पोट बिघडलं. जावई ऑफिसात, लेक तीन आठवड्यांच्या बाळाला घेऊन झोपलेली. तिला उठवायचा धीर होईना. मी तो कागद घेतला आणि यांना घेऊन गल्लीतल्या दवाखान्यात गेले. खिडकीवर म्हटलं, ‘सुमिमासेन. ओनाका.’ आणि यांच्या पोटाकडे बोट दाखवलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, ‘किरिकिरि देस का? मुकामुका देस का?’ मी म्हटलं, मुकामुका. मग यांनी स्वतःहून पोटावर हात फिरवून म्हटलं, "गुरुगुरु." यांना ते पोटातल्या गुरगुरीबद्दल म्हणायचं होतं, मराठीत. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. जपानीतही पोट गुरुगुरुच करतं! ताप आहे का, हे विचारलं तेही कळलं: ‘नेत्सु वा आरिमास का?’ नेत्सु ताप, आरिमास आहे. नाही म्हणायला ‘आरिमासेन’. औषध दिलं, दोन दिवसांत बरं वाटलं. त्या शनिवारपासून हे बाहेरच्या बाकावरून आत टेबलाशी येऊन बसले. 100 येन भरून.

ते आत आले आणि भलताच प्रकार झाला. मी सवयीने हाक मारली, "अहो, अहो, इकडे बसा." पलीकडच्या टेबलावरचे शिक्षक मूळचे ओसाकाचे. ते एकदम वळले. ओसाकाकडे ‘आहो’ म्हणजे मूर्ख. आजींनी घाईघाईने समजावलं. मी आपल्या परीने सांगितलं, की आमच्याकडे बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, आदराने अहो म्हणते. ते गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले (लेकीने नंतर अर्थ सांगितला), आमच्याकडेही बायको नवऱ्याला तेच म्हणते, आदराचं मात्र माहीत नाही.

शाकाहारी लोकांसाठी एक वेगळी ओळ लिहिते, कारण वर्गात हे मागून घ्यावं लागतं. ‘बेजितारियान देस’ म्हणून काही होत नाही. समोरचा मान डोलावतो आणि मासळीच्या पाण्यातलं सूप आणतो, कारण त्याच्या लेखी त्यात मासा नाही, चव आहे. ते पाणी म्हणजे ‘दाशी’, त्यात बहुतेकदा ‘कात्सुओबुशी’ असतं, सुकवून किसलेला मासा. तेव्हा सरळ विचारायचं: ‘कात्सुओबुशी, हाइत्ते इमास का?’ घातलंय का? आणि ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस आणि मासे खात नाही. हे आजींनी एका कार्डावर सुंदर अक्षरात लिहून दिलं. ते पाकिटात आहे अजून.

तुलनेसाठी म्हणून सांगते. निघायच्या आधी दोन महिने मी मोबाइलवरचं एक फुकटचं ॲप केलं होतं. रोज न चुकता. त्याने मला मुलगा सफरचंद खातो आणि टोपी लाल आहे हे शिकवलं. शब्दांचे ठोकळे जुळवायचे, टुणकन आवाज होतो, बरं वाटतं. तोंड उघडावं लागत नाही. त्यापेक्षा एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीचे फुकट धडे चांगले, हिंदीतूनही आहेत, छोटे आहेत, आणि ऐकायला खरी माणसं बोलतात. भाजी निवडताना लावून ठेवा. जपानीची परीक्षा द्यायची असेल, एन-5 (सगळ्यात खालची पायरी) वगैरे, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, तिच्यासाठी कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, आणि व्याकरण घासावं लागतं, आणि तीत बोलायची परीक्षाच नसते. माझी लेक पुण्यात शिकून एन-3 झालेली, पण पहिलं वर्षभर कोन्बिनीत तीही गप्पच असायची, हे तिने मला आता सांगितलं.

घराच्या दारातले चार शब्द मात्र मी कोणत्याही वर्गाशिवाय शिकवायला तयार आहे. बाहेर पडताना ‘इत्तेकिमास’. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आपल्याकडे ‘जाते’ म्हटलं की आई रागावायची, ‘येते म्हणावं’. तिकडेही तेच. घरातल्याने म्हणायचं ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन या. परत आलं की ‘तादाइमा’, आणि आतून ‘ओकाएरी’. जावई रात्री दहाला येऊन दारातून तादाइमा म्हणायचा. बाळ झोपलेलं असायचं म्हणून हळूच. पहिले काही दिवस तो लेकीशी बोलतोय असं समजून मी गप्प राहायचे. मग एकदा लेकीला झोप लागलेली, तो नुसता दारात उभा. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, ‘ओकाएरी.’ तो बूट काढता काढता थांबला. "आई, तुम्ही?" म्हणाला.

आता पोस्टाचं. ते राखून ठेवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यातच मी मोठ्या तोऱ्यात तिथल्या पोस्टात गेले. साताऱ्याला कार्ड टाकायचं होतं. तिकिटाला ‘कित्ते’ म्हणतात हे पाठ केलं होतं, ‘द्या’ला ‘कुदासाइ’. काउंटरवर विशीतला पोरगा. मी हसून म्हटलं, ‘किते कुदासाइ.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा, जरा मोठ्याने, ‘किते कुदासाइ!’ तो उठला, बाजूचं फळकुट उचलून बाहेर आला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी कार्ड पुढे केलं. त्याने ते बघितलं, मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. ‘आऽ, कित्ते!’ जोडाक्षर खाल्लं होतं मी. ‘किते कुदासाइ’ म्हणजे इकडे या. एका ‘त’साठी त्या बिचाऱ्याला काउंटर सोडावा लागला. 32 वर्षांत मला कोणी असं बाहेर बोलावलं असतं तर मी काय ऐकवलं असतं, ते इथे लिहीत नाही.

शनिवारी हे सांगितलं तेव्हा आजी डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी टाळी वाजवून शिकवलं: ‘कित्’, एक टाळी मोकळी, ‘ते’. जोडाक्षरात श्वास धरायचा. पुढचे अकरा शनिवार (त्यातले नऊ मी गेले) त्या वर्गात शिरताना मला बघून म्हणायच्या, ‘जोशी-सान, किते कुदासाइ.’ आणि मी जाऊन बसायची.

निघायच्या चार दिवस आधी पुन्हा त्याच पोस्टात गेले. तोच पोरगा. मी टाळीएवढा श्वास धरून म्हटलं, ‘कित्ते कुदासाइ. इंदो मादे.’ तो जागचा हलला नाही. त्याने विचारलं, ‘कोऽकूऽबिन देस का, फुनाबिन देस का?’ हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. पण ‘बिन’ म्हणजे टपाल असणार, आणि पोस्टातल्या बाईला काउंटरवरून दोनच गोष्टी विचारतात: विमानाने की बोटीने. मी हात विमानासारखा वर नेला. ‘हाइ, कोऽकूऽबिन,’ तो म्हणाला, तिकीट लावलं, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका पडला. मी काही बोलले नाही.

कार्ड मी माझ्याच नावाने घरच्या पत्त्यावर टाकलं होतं, मागे हिरागानात एकच ओळ लिहून. मी पोचल्यानंतर आठवड्याने ते आलं. आमचा पोस्टमन माझ्याच हाताखाली लागलेला पोरगा. दारात उभा राहून कार्ड उलटंपालटं करत म्हणाला, "बाई, हे काय लिहिलंय?"

म्हटलं, "लोभ असावा, ही विनंती."